पितळी टाकी

१

आमच्या दुकानाची सकाळ पाण्याने सुरू होते. शटर वर केलं की मागच्या हौदात पाणी सोडायचं, आदल्या दिवशी वेल्डिंग केलेला रेडिएटर त्यात बुडवायचा, एका तोंडाला हवेचा पंप लावायचा आणि बघत बसायचं. बुडबुडा आला तर लीक. नाही आला तर गिऱ्हाइकाला फोन. माझे बाबा, रतन साळवे, आयुष्यभर हेच करत आले. ते गेल्यावर मी करते. मी चेतना. बोरिवली पूर्वेला हायवेच्या सर्व्हिस रोडवर आमचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून सुयोगचं गॅरेज. तो इंजिनवाला, मी पाणीवाली, असं तोच सगळ्यांना सांगतो.

ती गाडी सुयोगकडे आली होती. दत्ताराम साटम म्हणून एक काका आहेत, मूळचे मालवणकडचे. सगळी नोकरी त्यांनी एका कारखानदाराच्या गाड्या चालवण्यात काढली. त्या मालकांची एक जुनी विलायती टू-सीटर होती. बुटकी, उघड्या टपाची, हिरवी. ती गोराईच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. मालक वारले, बाईंनी बंगला विकला आणि जाताना तिची चावी काकांच्या हातावर ठेवली. ज्या गाडीला काकांनी फक्त फडकं मारलं होतं, ती त्यांची झाली.

इंजिन गंजून जाम झालं होतं. सुयोगने भंगारातल्या एका जपानी गाडीचं इंजिन आणून बसवलं. पण ते लांबीला जास्त. इंजिनचं नाक आणि जुना रेडिएटर यांच्यात बोटभर जागा उरेना. मग मी अ‍ॅल्युमिनियमचा नवा केला. उंचीला कमी, रुंदीला जास्त, थोडा मागे कललेला, आणि पंखा जाळीच्या पुढच्या बाजूला. रेडिएटर खाली गेला की पाणी भरायला वर वेगळी टाकी लागते. ती नवीन करणार होते, तेवढ्यात काका म्हणाले, "चेतना, जुन्यातला कायतरी ऱ्हवांदे गो तिच्यात."

म्हणून जुन्या रेडिएटरची वरची पितळी टाकी मी कापून घेतली. धुतली, खालून पत्रा झाळून तळ बंद केला, घासून लख्ख केली. वीतभर खोल, तोंडाला जाड गोल झाकण. इंजिनच्या मागच्या पत्र्यावर बसवली आणि रबरी होजने जोडली. त्याआधी हौदात बुडवली होती. एकही बुडबुडा आला नव्हता.

२

पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा सकाळ होती, जानेवारीतली, चांगली गार. ट्रायलला आम्ही साधंच पाणी घालतो. सगळी सिस्टिम मिळून सातेक लिटर धरली होती. मी नरसाळं लावलं आणि पाच लिटरचा कॅन उपडा केला.

पाणी जात राहिलं. पहिला कॅन गेला, दुसरा गेला. मी वाकून खाली बघितलं. लादी कोरडी.

"एअर लॉक असणार, कुठेतरी हवा अडकली असेल," सुयोग म्हणाला.

"एअर लॉक असेल तर पाणी कमी जातं रे. जास्त कसं जाईल?"

त्याने खांदे उडवले आणि आणखी एक कॅन भरून आणला. तो ओतताना मी पहिल्यांदा आवाज ऐकला. पाणी नळीतून उतरताना खळखळ होते, बुडबुड होते, ते आवाज माझ्या कानात लहानपणापासून आहेत. हा तसा नव्हता. गटक्. थोडं थांबून परत गटक्. मग एक लांब थांबा, जसा पिता पिता श्वास घ्यायला घेतात. मग परत.

मी कॅन सरळ केला. आवाज थांबला.

"काय झालं?" सुयोगने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, आणि नरसाळं काढून झाकण लावलं.

३

मी अंधश्रद्धाळू बाई नाही. आमच्या घरात देव नाही, बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि बाबांनी मला शिकवलं ते एकच: पाणी खोटं बोलत नाही, गेलं असेल तर कुठेतरी गेलंच आहे. ते कुठे, हे मी शोधायला लागले.

इंजिन ऑइलची काडी काढून बघितली. ऑइल स्वच्छ, पाणी मिसळलं असतं तर दुधाळ झालं असतं. प्लग काढले, कोरडे. हवेचा दाब देऊन सिस्टिम रात्रभर ठेवली. सकाळी काटा तसूभर हलला नव्हता. म्हणजे कुठेही गळत नव्हतं. पाण्याची पातळी मात्र पार खाली.

मग खालचा होज सोडून सगळं पाणी बादलीत काढलं. निघालं जेमतेम तीनेक लिटर. बाकीचं कुठे? मी बादलीत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

पाणी कोमट होतं.

इंजिन अजून एकदाही चालू झालेलं नव्हतं. गाडी सावलीत, लादी बर्फासारखी. आणि ते पाणी अंगाइतकं उबदार, कुणाच्या तरी कुशीत हात जावा तसं.

"ऊन लागलं असेल," सुयोग म्हणाला.

"कुठलं ऊन?"

त्याने छताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे निघून गेला.

त्यानंतर रोज सकाळी झाकण निघालेलं सापडायला लागलं. शटरला दोन्ही कडांना कुलूप, चावी सुयोगकडे. आणि ते पडलेलं नसायचं. पितळी टाकीशेजारी, पत्र्यावर नीट उताणं ठेवलेलं असायचं. टाकीचं तोंड उघडं. तोंडाच्या आतल्या कडेवर बारीक धुकं धरलेलं, गार आरशावर हा केल्यावर येतं तसं.

सुयोग माझ्यापेक्षा जास्त घाबरला. "काकांना बोलू या, गाडी घेऊन जा. माझी वाट लागलीये यार, झोप नाही मला." पण काका रोज संध्याकाळी यायचे, सीटवर नुसते बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवायचे आणि आम्हाला चहा पाजायचे. त्यांना काय सांगायचं?

४

दुपारी दोनच्या सुमाराला आमची गल्ली शांत होते. ग्राइंडर बंद, पोरं जेवायला. त्या दिवशी आई डबा घेऊन आली. माझी आई सोनूबाई, परभणीकडची. लग्न होऊन मुंबईला आली त्याला जमाना झाला, पण बोलणं तिकडचंच.

मी टाकी भरत होते. भरत होते म्हणजे, सवय झाली होती. खाली गेलेली पातळी बघवत नव्हती. आई डबा हातात घेऊन दारातच थांबली.

"पाणी कोण प्यायलंय गं?" तिने विचारलं.

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

"कुणी नाही, आई. एअर लॉक आहे."

ती जवळ आली. डबा बॉनेटच्या कडेला ठेवला, पदर खोचला आणि कान टाकीशी नेला. मला तिला मागे ओढावंसं वाटलं. आतून तो आवाज येत होता. गटक्. थांबा. गटक्. घाईचा, सांडेल म्हणून धास्तावलेला.

आई बराच वेळ तशीच वाकून होती. उठली तेव्हा तिचा चेहरा वेगळा दिसत होता. भ्यायलेला नाही. ओळख पटल्यासारखा.

"लई दिसाचं तहानलेलं हाय," ती म्हणाली. "आन कॅन इकडं."

"आई, अगं काय आहे ते माहीत नाही आपल्याला."

"नसू दे. पाण्याला आलेल्याला कोण, कुठला, विचारू नये चेतू. आम्हाला लई विचारलं."

ती एवढंच बोलली. तिच्या गावची विहीर मला माहीत आहे. भर उन्हात रिकामी घागर घेऊन काठाखाली उभं राहायचं, वरून कुणीतरी ओतेल म्हणून. कधी ओतायचे, कधी नाही. हे तिने मला लहानपणी एकदाच सांगितलं होतं, आणि नंतर कधी विचारू दिलं नाही.

मी कॅन दिला. तिने तो घाईने उपडा केला नाही. बारीक धार धरली, एकसारखी. आवाज शांत होत गेला. घोटांमधलं अंतर वाढलं. मग आतून एक नि:श्वास आला, पोट भरल्यावर आपोआप निघतो तसा.

"येते उद्या," आई म्हणाली. मला नाही, टाकीला.

ती रोज आली. डबा माझा आणि पाणी त्यांचं. 'त्यांचं' हा तिचाच शब्द. मी एकदा विचारलं, "एकच असेल ना गं?" तिने नकारार्थी मान हलवली. "आवाज नीट ऐक की."

मी ऐकला. एक घोट संपायच्या आत दुसरा सुरू होत होता, थोडा बारीक. त्यामागे तिसरा. लहान मुलाचा असावा तसा.

त्या दिवशी मी जेवले नाही.

५

आणि मग एक दिवस टाकी भरली ती भरलेलीच राहिली. आईने धार धरली, पाणी तोंडाशी आलं आणि काठावरून ओघळलं. तिने पदराने पितळ पुसलं, झाकण लावलं.

"झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झाकण जागच्या जागी होतं. पातळी तीच. सुयोगने इंजिन चालू केलं, तासभर ठेवलं. तापमानाचा काटा अर्ध्यावर आला आणि स्थिर राहिला. पंखा वेळेवर लागला, वेळेवर बंद झाला.

"बघ, एअर लॉकच होता," सुयोग म्हणाला, आणि आम्ही दोघंही खूप दिवसांनी हसलो. इतकं मोठ्याने की बाजूचा टायरवाला बघायला आला.

ट्रायलसाठी काकांनी रस्ता आधीच ठरवून ठेवला होता. भाईंदरवरून उत्तन, तिथून गोराई. त्या रस्त्याने मालकांना बंगल्यावर सोडायला ते शेकडो वेळा गेले होते, दुसऱ्या गाड्यांतून. "आता हिच्यातून जातलंय," ते म्हणाले. काटा बघायला मी शेजारी बसले.

काकांनी फार सुंदर गाडी चालवली. कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही. उत्तनच्या पुढे डाव्या-उजव्या हाताला वाळत घातलेल्या माशांचा वास, ऊन, वारा. काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्यामुळे असल्याचं दोघांनीही मान्य केलं होतं. गोराईच्या बंगल्याचं फाटक बंद होतं. त्यांनी गाडी थांबवली, दोन मिनिटं बघितलं आणि वळवली.

परत निघाल्यावर थोड्याच अंतरावर खालून खाडकन आवाज आला. रस्त्यावर पडलेली सळई चाकाने उडवली होती. मी उतरून बघेपर्यंत खालचा होज उभा फाटला होता आणि सगळं पाणी डांबरावर पसरत होतं.

काकांनी इंजिन बंद केलं. "ढकलून सावलीत घेऊया," म्हणाले. मी नको म्हणायच्या आत त्यांनी खांदा लावला होता. गाडी झाडाखाली आली. आणि काका दाराला धरून हळूहळू खाली बसले.

चेहरा राखेसारखा. कपाळावर घाम. "काय नाय गो," ते म्हणाले, "छातीत धरल्यासारखा झाला."

६

रस्त्यावर कुणी नव्हतं. फोन लागला, अ‍ॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, यायला पाऊण तास तरी. काकांचा हात गार पडत होता. मी त्यांना कसंबसं डाव्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

पाण्याशिवाय इंजिन किती चालतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. काही मिनिटं. मग हेड तापून वाकतं, पिस्टन धरतो आणि गाडी जिथे असेल तिथे मरते. आणि मेली असती ती निर्मनुष्य रस्त्याच्या मधोमध, काकांना घेऊन. पण झाडाखाली बसून राहणंही तेच होतं. मी चावी फिरवली.

काटा खाली होता. त्याचा अर्थ काही नव्हता. सेन्सरला पाणी लागलं नाही तर तो काहीही दाखवतो. मी वासाची वाट बघत होते, तापलेल्या लोखंडाचा वास आधी येतो. मग ठकठक. मग ताकद जाते.

उत्तन आलं. वास नाही.

"चेतना," काका पुटपुटले. "घसो सुकलोहा."

"आलंच काका, पोचतोय आपण." बाटली डिकीत होती, थांबायची सोय नव्हती.

डोंगरीच्या चढावर मला तो आवाज आला. आधी वाटलं, इंजिन बसतंय. मी कान दिला. बॉनेटच्या आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. पिण्याचा नाही. ओतण्याचा. एक भांडं रितं व्हावं, की लगेच दुसरं. ते संपतंय तोवर तिसरं. आग लागल्यावर माणसं रांगेत उभी राहून हातातून हात पाणी पुढे देतात, तशी एक लय होती त्याला. आणि त्या प्रत्येक ओतण्याबरोबर इंजिनचा सूर किंचित मऊ होत होता.

मला भीती वाटत होती, खोटं का सांगू? माझ्या पायांपासून दोन हातांवर, पत्र्याच्या पलीकडे, कितीतरी जण होते. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ते थांबले तर?

राई. मुर्धा. एक भांडं वेळेवर आलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "थोडंच राहिलं. थोडंच." कुणाला म्हणाले, कुणास ठाऊक.

ते आलं.

७

काका बरे आहेत, हे आधीच सांगते. भाईंदरच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना लगेच आत घेतलं, संध्याकाळपर्यंत स्टेंट पडला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही राहिलं नसतं. त्यांच्या पत्नी, मालनकाकू, माझा हात सोडत नव्हत्या. शुद्धीवर आल्यावर काका पहिलं वाक्य बोलले ते मला: "वाटेत पाणी पाजलंस, ता बरा केलंस गो. तेणा जीव ऱ्हवलो."

त्यांना आत नेताना शर्टाचा पुढचा भाग भिजलेला होता, मला घाम वाटला होता. माझे दोन्ही हात पूर्ण वेळ स्टिअरिंग आणि गिअरवर होते.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. काकांना आत नेलं, दार लागलं आणि मी परत बाहेर गाडीपाशी आले. ऊन डोक्यावर होतं. मी बॉनेट उघडलं. खालचा होज तसाच फाटलेला, लोंबत होता. त्यातून थेंबही गळत नव्हता. मी भीत भीत इंजिनच्या हेडवर तळवा ठेवला. चटका बसून कातडी सोलायला हवी होती.

हेड कोमट होतं. ताप उतरल्यावर कपाळ लागतं तसं.

मग मी पितळी टाकीचं झाकण काढलं. ऊन सरळ आत पडलं. ती टाकी वीतभर खोल आहे, तिचा तळ मीच झाळलाय. मला तळ दिसला नाही. खोल आडात वाकून बघावं तसं दिसत होतं, आणि खाली, खूप खाली, एक ओंजळ होती.

काळसर, भेगाळलेली. बोटं घट्ट जुळवलेली, थेंब सांडू नये म्हणून. मागायला पसरलेली नव्हती ती. पाण्याने भरलेली होती आणि वर उचललेली, माझ्याकडे. तिच्या मागे आणखी एक. आणि तिच्या मागे, अंधारात जिथपर्यंत ऊन पोचत होतं तिथपर्यंत, एकामागे एक. एक फारच लहान होती. सगळ्यांची पाण्याच्या भाराने थरथर चाललेली.

मी किती वेळ बघत होते ते आठवत नाही. किंचाळले नाही. मग मी हात जोडले, तिथेच, पार्किंगमध्ये, लोक बघत होते तरी. आणि झाकण ठेवलं. आवळलं नाही, नुसतं टेकवलं.

फोन केल्यावर सुयोग टोइंगची गाडी घेऊन आला. फाटलेला होज बघून त्याने कपाळावर हात मारला. "एवढं अंतर अशी आणलीस? बिनपाण्याची? इंजिन खल्लास असणार चेतना. सरक, वरून बघू दे." त्याचा हात टाकीकडे गेला.

मी त्याचं मनगट धरलं.

"आज नको उघडू रे," मी म्हणाले. "दमले असतील."